धक्का लागला की मारला?

मधली सुट्टी. खिचडी खाऊन झालेली. ताटं धुवायला आणि पाणी प्यायला सगळी पोरं एकाच वेळी टाकीपाशी. चार नळ, त्यातले दोन चालू, समोर साठ-सत्तर जण. मागून रेटा येतो, सहावीतल्या एकाचं कोपर पुढच्याच्या पाठीत बसतं, त्याच्या हातातली बाटली पडते. तो गर्रकन वळतो. "कुणी मारला रे धक्का?" मागचा म्हणतो, "मारला नाही, लागला." तोवर कॉलर धरलेली असते.

हे प्रकरण सरांपर्यंत पोचतं तेव्हा त्याची चौकशी "आधी कुणी सुरू केलं?" इथून होते आणि दोघांना अंगठे धरून उभं करण्यात संपते. पण खरा निर्णय झाला तो बाटली पडल्यापासून कॉलर धरेपर्यंतच्या दोन सेकंदांत, आणि त्या दोन सेकंदांत काय करायचं हे त्या मुलाला कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

मारला आणि लागला. पाडली आणि पडली. फोडली आणि फुटली. तोडली आणि तुटली. मराठीने ही फोड क्रियापदातच करून ठेवली आहे. शाळेतली मारामारी कमी करण्याचं बरंच काम या एका फोडीवर उभं राहतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा चित्रकोडं जुळवत असतो आणि दुसरा एक मुलगा ते विस्कटतो. ते मुद्दाम केलं हे स्पष्ट असेल, किंवा चुकून झालं हे स्पष्ट असेल, तेव्हा भांडखोर समजली जाणारी मुलं आणि बाकीची मुलं साधारण सारखीच वागली. फरक पडला तो हेतू कळत नव्हता तेव्हा. भांडखोर मुलांनी संशय दुसऱ्याच्या विरुद्ध धरला. म्हणजे त्यांनी 'लागला'च्या जागी 'मारला' वाचला. हे वाचन त्यांच्या स्वभावात कोरलेलं नसतं. ज्या पोराला घरी किंवा गल्लीत कधीही, कशावरूनही फटका बसू शकतो, त्याच्यासाठी 'मारला' असं धरून चालणं हा स्वतःला वाचवायचा मार्ग असतो. त्यामुळे त्याला "तू फार संशयी आहेस" असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याला दुसरं वाचन शिकवावं लागतं, आणि ते गणितासारखं सराव करून घ्यावं लागतं.

यासाठी वेगळा तास मिळत नसेल तर मराठीचा तास घ्या. पाचवी ते सातवीच्या वर्गात अकर्मक-सकर्मकाच्या जोड्या शिकवायच्याच असतात. ३५ मिनिटांचा तास असा बसतो: पहिली सात-आठ मिनिटं फळ्यावर जोड्या. मुलांकडूनच काढून घ्यायच्या, दहा-बारा सहज निघतात. पुढची दहा मिनिटं प्रसंगांच्या चिठ्ठ्या, पाच जणांच्या गटाला एक. "तू बाकावरून उठलास आणि परत आलास तर तुझी पेन्सिल तुटलेली." "कबड्डीत तुला सोडून बाकी सगळ्यांना संघात घेतलं." "दोन मैत्रिणी तुझ्याकडे बघून हसल्या." प्रत्येक गटाने त्या प्रसंगाची तीन कारणं शोधायची: एक मुद्दाम केल्याचं, एक चुकून झाल्याचं, आणि एक तुझ्याशी काहीच संबंध नसल्याचं. तिसरं कारण मुलांना सर्वांत जड जातं, म्हणून तिथे थांबा आणि घाई करू नका. शेवटची पंधरा मिनिटं प्रसंग करून दाखवायचे. बाटली खरी हवी, धक्का खरा (हलका) हवा, आणि वळलेल्या मुलाने "मारला" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "काय झालं?" एवढा एकच. प्रश्न विचारायला जे दोन सेकंद जातात तेच आपल्याला हवे आहेत.

हा तास तीन ठिकाणी फसतो. पहिलं, शिक्षक कालची खरी मारामारी उदाहरण म्हणून घेतात. मग दोन मुलं आरोपी होतात, बाकीचा वर्ग पंच होतो, आणि शिकत कुणीच नाही. प्रसंग बनवलेलाच हवा आणि त्यात वर्गातलं एकही नाव नको. दुसरं, मुलं बाईंना हवं ते उत्तर देतात. "आपण क्षमा केली पाहिजे" असं सगळा वर्ग सुरात म्हणायला लागला की समजावं, तास हातातून गेला. अशा वेळी बोलणं थांबवून प्रसंग करायला लावायचा, कारण अंग वळवताना आणि आवाज काढताना सुरातलं उत्तर कामाला येत नाही. तिसरी चूक सर्वांत घातक: खरोखर रोज मार खाणाऱ्या मुलाला "अरे, चुकून लागला असेल" असं शिकवणं. एकाच मुलाकडून तिसऱ्यांदा तसाच धक्का बसला तर तो 'लागला' नसतो. हे वर्गात स्पष्ट सांगायचं आणि हेही सांगायचं की तिथून पुढचं काम मोठ्यांचं आहे.

रागाच्या शब्दांबद्दल. "कसं वाटलं?" असं विचारलं की मराठी शाळेतला मुलगा बहुधा दोन उत्तरं देतो: "राग आला" किंवा "काही नाही". वास्तविक आपल्याकडे शब्दांची कमी नाही. हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, वैताग, चीड, संताप, धास्ती, हेवा, घुसमट. प्रत्येकाची जागा वेगळी आहे. खेळात न घेतल्यामुळे हिरमुसलेल्या मुलाला 'राग' एवढाच शब्द ठाऊक असेल तर तो रागावर जे करतात तेच करतो. आठवड्याला दोन शब्द पुरेत. शब्दासोबत तो अंगात कुठे जाणवतो तेही विचारायचं: कान तापतात, दात आवळले जातात, मुठी वळतात, घसा दाटून येतो, पोटात गोळा येतो. घरी अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहू द्या. प्रमाण मराठीत आपल्या दुःखाला नाव नाही असं मुलाला वाटलं तर तो परत "काही नाही" वर येतो.

यातूनच भिंतीवरचा रागाचा पारा तयार होतो. एक ते पाच अंक, प्रत्येक अंकाला मुलांनीच नाव द्यायचं. एक म्हणजे शांत, दोनला कुरकुर, तीनला चिडचिड, चारला संताप, पाचला तोल गेला. पाऱ्याचा उपयोग एवढाच की कोणत्या अंकावर काय जमतं हे मुलाला आणि शिक्षकाला कळावं. दोन-तीनवर विचार करता येतो, प्रश्न विचारता येतो, बोलता येतं. चारच्या पुढे फक्त शरीराचं काही करता येतं: तिथून बाजूला जाणं, पाणी पिणं, श्वास. पाचवर असलेल्या मुलाला "सांग, तू असं का केलंस?" विचारणं म्हणजे चढत्या तापात परीक्षेला बसवणं.

श्वासाची रीत साधी आहे. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. पन्नास सेकंद लागतात. डोळे मिटायची सक्ती नको, कारण काही मुलांना वर्गात डोळे मिटायची भीती वाटते आणि काहींना हसू येतं. जमिनीकडे बघितलं तरी चालतं. महत्त्वाचं हे की सराव शांत असताना व्हायला हवा: परिपाठानंतर रोज, किमान तीन आठवडे. कबड्डीचा दम सामन्याच्या दिवशी शिकवत नाहीत. मुलगा चिडलेला असतानाच "चल, श्वास घे" म्हटलं तर थोड्याच दिवसांत त्याच्या लेखी श्वास घेणं ही एक शिक्षा होते आणि बाकीची पोरं त्यावरूनच त्याला चिडवतात. उशी किंवा गोणी बडवून राग बाहेर काढायचा हा सल्लाही बराच प्रचलित आहे. तो सोडून द्या. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत गुद्दे मारणाऱ्यांचा राग वाढलेला दिसला, आणि त्यानंतर ती माणसं जास्त आक्रमक वागली.

आता बोलण्याचं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये मुलांना वाक्य शिकवतात: "तू असं वागलास की मला दुःख होतं, म्हणून कृपया तू तसं वागू नकोस." हे वाक्य मैदानात उच्चारणाऱ्या मुलाची काय अवस्था होते हे कुणीही शाळा पाहिलेला माणूस सांगू शकेल. ते मराठीच नाही. मराठी मुलाच्या तोंडी जे बसतं ते छोटं आणि सरळ असतं: "ए, थांब. माझी बाटली आहे. दे इकडे." किंवा "हे नाव नको. माझं नाव घे." शिकवायचं ते त्याभोवतीचं: दोन्ही पाय जमिनीवर, एक हात अंतर, आवाज खालच्या पट्टीत पण ऐकू जाईल असा, बोलून झालं की वळून निघणं. जोडीजोडीने प्रत्येकी पाच वेळा म्हणून घ्या. तिसऱ्यांदा हसणं थांबतं, चौथ्या-पाचव्यांदा आवाज बसतो.

चिडवण्याची आपल्याकडची दोन मूळ कोठारं आहेत आणि कोणत्याही परदेशी पुस्तिकेत ती सापडणार नाहीत. एक म्हणजे बापाचं नाव. बापाच्या नावाने हाक मारायची, ती आधी दोघांत, मग वर्गभर, आणि वडील दारू पीत असतील किंवा वारले असतील तर त्याची धार आणखी वाढते. दुसरी जात. ही अनेकदा शाळाच पुरवते: शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचून, प्रवर्गानुसार हात वर करायला लावून. ही यादी प्रत्येकाला एकेकटं बोलावून करता येते, अर्धा तास जास्त जातो. तेवढा अर्धा तास न देणाऱ्या शाळेने समानुभूतीचे पाठ घ्यावेत याला मला काही अर्थ दिसत नाही. सर स्वतःच मुलांना जाड्या, काळ्या, तोतऱ्या म्हणत असतील तर तेच. आणि छडी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मोठा आणि बळकट माणूस चिडल्यावर मारतो हा धडा छडी रोज देत असते आणि आठवड्याचा एक तास तो पुसू शकत नाही.

मुलगे-मुली यांचंही नाव घेऊनच बोलावं लागतं. "पोरीसारखा रडतोस?" या वाक्यात किती मारामाऱ्यांचं मूळ आहे! मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या ४५ शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांबरोबर 'जेम्स' (GEMS) हा मुलगा-मुलगी समानतेचा कार्यक्रम झाला. आयसीआरडब्ल्यू ही स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारी संस्था, कोरो ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून तो चालवला. त्यात हिंसा हा विषय मुलगा असणं, मुलगी असणं, शरीरातले बदल, घरातली कामं यांच्यासोबत घेतला होता आणि ते योग्यच होतं. रडणं, घाबरणं, माघार घेणं हे मुलग्याला करता येतं एवढं कळल्याशिवाय बाकी कौशल्यं त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

बघ्यांकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की दादागिरीत दोघेच नसतात. साथ देणारे असतात, हसून हवा देणारे असतात, बाजूला राहणारे असतात आणि मार खाणाऱ्याची बाजू घेणारे असतात. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एखादं मूल मध्ये पडलं तेव्हा ५७ टक्के वेळा दादागिरी १० सेकंदांत थांबलेली आढळली. दहा सेकंद. कोणत्याही शिक्षकाला तेवढ्या वेळात तिथे पोचता येत नाही.

पण "मध्ये पडा" असं नुसतं सांगून सोडलं तर एखादं बारीक पोर मार खाऊन येतं. म्हणून मध्ये पडण्याचे धोका नसलेले प्रकार शिकवायचे. सर्वांत चालणारा प्रकार म्हणजे मार खाणाऱ्याला तिथून काढून नेणं: "चल रे, सर बोलावतायत." दादागिरी करणाऱ्याशी एक शब्दही बोलायचा नाही. दुसरा, न हसणं आणि घोळक्यातून निघून जाणं. घोळका पातळ झाला की मजा जाते. तिसरा, नंतर त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसणं. चौथा, मोठ्यांना सांगणं, आणि इथे चुगली हा शब्द आडवा येतो. तो वर्गात उघड घ्या. कुणाला अडकवायला सांगितलं ती चुगली, कुणाला सोडवायला सांगितलं ती मदत. दहा उदाहरणं देऊन मुलांना ठरवू द्या. चौथीतल्या मुलांनाही हे जमतं. आणि सांगायला आलेल्या मुलाचं नाव शिक्षकाने चारचौघांत घेतलं तर हा तास कायमचा वाया गेला असं समजा.

यातलं बरंच काही न शिकवताही मारामाऱ्या कमी करता येतात, आणि ते आधी करावं. शाळेचा साधा नकाशा काढा, छायाप्रती वाटा, नाव न लिहिता लाल खुणा करायला सांगा: कुठे भीती वाटते, कुठे मारामारी होते. मुलींचे कागद वेगळे ठेवा, कारण त्यांच्या खुणा वेगळ्या जागी पडतात. बहुतेक खुणा तीन-चार ठिकाणीच गोळा होतात: पाण्याची टाकी, शौचालयाची मागची बाजू, जिना, फाटकाबाहेरचा रस्ता. मग बंद नळ दुरुस्त करा, पाचवी-सहावीला पाण्यासाठी पाच मिनिटं आधी सोडा, ओळीसाठी जमिनीवर चुन्याची रेघ मारा, सुट्टीतल्या ड्यूटीवरच्या शिक्षकाची जागा कार्यालयाच्या पायरीवरून टाकीपाशी हलवा. सुरुवातीचा तो कोपराचा धक्का निम्म्याने तरी इथेच थांबेल.

हे सगळं करायचं कुणी? याचं आपल्या देशातलं सर्वांत स्पष्ट उत्तर बिहारमधून आलं. गोव्याच्या संगाथ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम तपासून पाहिला. निष्कर्ष २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. शाळेतलं वातावरण सुधारणारे उपक्रम, भित्तिपत्रक, मन मोकळं करायची पेटी, गटांच्या कार्यशाळा आणि गरज असेल त्याला एकेकट्याने समुपदेशन, असं त्याचं स्वरूप होतं. एका गटातल्या शाळांत हे काम त्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसाने केलं, दुसऱ्या गटात शाळेतल्याच एका शिक्षकाने, तिसऱ्या गटात हा कार्यक्रम नव्हता. नेमलेला माणूस होता तिथे नववीच्या मुलांत दादागिरी आणि हिंसा कमी झाली, नैराश्याची लक्षणंही घटली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत परिणाम दिसला नाही. कार्यक्रम तोच.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. ज्याच्या डोक्यावर माहिती भरणं, निवडणूक, आहाराच्या नोंदी आणि अभ्यासक्रम आहे त्याच्यासाठी हे काम शेवटचंच राहणार. शिवाय जो गुण देतो त्याला मुलगा सगळं सांगत नाही. शाळेला माणूस नेमता येत नसेल तर निदान एका शिक्षकाची आठवड्याला दोन तासिका वेळापत्रकात मोकळी करून त्या कामाच्या नावाने लिहा. वेळापत्रकात नसलेलं काम दिवाळीनंतर बंद पडतं.

पेटीबद्दल थोडं सविस्तर, कारण महाराष्ट्रात तक्रारपेटी आता सक्तीची आहे आणि अनेकदा ती मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलेली असते, म्हणजे चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. ती येण्याजाण्याच्या वाटेवर, पण कुणाच्या टेबलासमोर येणार नाही अशी लावा. उंची पहिलीच्या मुलाचा हात पोचेल एवढी. चित्र काढून टाकलं तरी चालेल असं सांगा. आठवड्यातला ठरलेला वार, उघडताना दोन माणसं, त्यात एक स्त्री. चिठ्ठी परिपाठात वाचायची नाही, अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. लैंगिक अत्याचाराची चिठ्ठी निघाली तर शाळेत मिटवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक पेटीवरच लिहून ठेवा.

मारामारी होऊन गेल्यावर "सॉरी म्हण, हात मिळवा" हे लगेच करू नका. दोघांना वेगळं करा, पाणी द्या, वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. मग एकेकट्याला विचारा: काय झालं? तेव्हा मनात काय आलं? कुणाला काय लागलं? आता काय केलं तर भरून निघेल? "का केलंस?" नको, त्याला मुलं सबब शोधतात. भरपाई हाताने करण्यासारखी असावी: फाटलेली वही शिवून देणं, बाटली भरून आणणं. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर शेवटी समोरासमोर बसवता येतं. दादागिरी असेल तर कधीही नाही. ज्याला महिनाभर मार बसतोय तो समोर बसून तडजोड करतो ती भीतीपोटी, आणि फाटकाबाहेर त्याची किंमत मोजतो.

नोंदवही ठेवा: तारीख, जागा, वेळ, इयत्ता, नावं, थोडक्यात काय झालं, एवढेच रकाने. पहिले दोन महिने आकडा वाढेल. मुलं आता सांगायला लागली म्हणून तो वाढतो. नेमकं याच वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, "हे सुरू केल्यापासून भांडणं वाढलीच की?" आणि पेटी काढली जाते. म्हणून ही वाढ होणार हे समितीला आणि पालकसभेत जूनमध्येच सांगून ठेवा. आकड्यांची पहिली तुलना दिवाळीनंतरच्या महिन्यांशी करा, आणि नुसती संख्या न बघता तीच ती नावं परत येतात का, आणि टाकीपाशी अजून खुणा पडतात का, ते बघा.